पाच खेपा, एकच दोष

घरच्या गाडीबद्दल आलेली पत्रं मी बरेच दिवस एका बाजूला काढून ठेवत होते. त्यांतली चार आज घेते. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातलं दुखणं बाकीच्या तिघांच्याही पत्रांत थोडंफार आहेच. नव्या वाचकांसाठी सांगते, मी अकरा वर्षं एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काम केलं. गाडी आली की तक्रार ऐकायची, जॉब कार्ड लिहायचं आणि संध्याकाळी किल्ली परत द्यायची, हे माझं काम. पुढे स्वतःच्या गाडीसाठी अशाच एका काउंटरसमोर, ग्राहकाच्या बाजूला, ताटकळत उभी राहिले. दोन्हीकडचं पाहिलं आहे म्हणूनच ही उत्तरं द्यायला बसते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची ऑटोमॅटिक गाडी घेऊन दोन वर्षं आठ महिने झाले. साडेएकतीस हजार किलोमीटर झालेत. पहिल्या वर्षी काही त्रास नव्हता. नंतर गर्दीत हळूहळू पुढे सरकताना ती थरथरायला लागली. चढावर ब्रेक सोडला की जरा मागे येते आणि मग एकदम झेप घेते. गेल्या महिन्यात चौक ओलांडताना गिअरचं चिन्ह लुकलुकलं आणि गाडीने पुढे जायचंच सोडलं. इंजिन चालू, माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि गाडी जागच्या जागी. मागे दोन्ही मुलं आणि सासूबाई बसलेल्या, त्यांच्या मागे ट्रक हॉर्न वाजवत उभा. बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केली तेव्हा कुठे हलली. पाच वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. दर वेळी ‘चेक केलं, काही सापडलं नाही’ किंवा ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला की तक्रार क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे’ असा मेसेज येतो. वॉरंटी संपायला चार महिने आहेत. नवरा म्हणतो, विकून मोकळे होऊ. मला मुलांना घेऊन ती चालवायची भीती वाटते आणि ती भीती कोणाला पटवून देता येत नाही. काय करू?

उत्तर : तुमची भीती अगदी बरोबर आहे. ती कोणाला पटो न पटो, ही गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलांना घेऊन मोठा रस्ता ओलांडायची वेळ येईल अशा वाटेने जाऊ नका. इंजिन चालू असताना गाडीने चौकात ओढणं सोडून देणं हा सुरक्षेचा दोष आहे. कंपनीला लिहाल तेव्हा हेच शब्द वापरा. ‘गाडी नीट चालत नाही’ असं लिहू नका.

तुमच्या वर्णनावरून ही दोन क्लचच्या ऑटोमॅटिकची गाडी असावी असं मला वाटतं. माहितीपत्रकात ‘ड्युअल क्लच’ असे शब्द आहेत का बघा. अशा गिअरबॉक्समध्ये एक क्लच एक, तीन, पाच हे गिअर सांभाळतो आणि दुसरा दोन, चार, सहा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर ती फार सुरेख पळते. काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडालेले असतात, काहींत कोरडे. कोरडा क्लच असला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असली, की क्लच धड लागलेला नाही आणि धड सुटलेलाही नाही अशा अवस्थेत घासत राहतो. तो तापतो. तापून त्याचा पृष्ठभाग चकचकीत झाला की पकड एकसारखी राहत नाही आणि गाडी थरथरते. फारच तापला, तर गाडीतला संगणक क्लच वाचवण्यासाठी तो सोडून देतो. तेव्हाच तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असतो आणि गाडी जागेवर. थोडं निवलं की पुन्हा चालू.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये काय होतं ते बघा. तुम्ही सकाळी गाडी सोडता. ती दोन-अडीच तास अंगणात उभी राहते, पार थंड होते. मग मेकॅनिक तिला मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून आणतो. गाडी लोण्यासारखी चालते. ‘काही सापडलं नाही’ असं तो लिहितो आणि ते खोटं नसतं. त्याने ती गाडी वेगळ्याच अवस्थेत पाहिलेली असते.

दोष क्लचचा नसून सेन्सरचा किंवा वायरिंगचाही निघू शकतो. पत्र वाचून निदान करणं मला पटत नाही. पण दोष दिसेल अशा अवस्थेत गाडी दाखवणं तुमच्या हातात आहे. पुढच्या खेपेला गर्दीच्या वेळी अर्धा तास सरकत सरकत गाडी तिथे न्या, इंजिन बंद करू नका आणि काउंटरवर सांगा, की आत्ता, माझ्या शेजारी बसून ट्रायल घ्या. जमलं तर कोणाला तरी शेजारी बसवून डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या. लुकलुकणारं चिन्ह, वेगाचा काटा आणि इंजिनच्या फेऱ्यांचा काटा एकाच चौकटीत आले पाहिजेत. फेऱ्या वाढताहेत आणि वेग शून्य, एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं.

आणि ट्रायलनंतर लगेच स्कॅनर लावायला सांगा. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ओबीडी-टू नावाची ठरावीक पद्धतीची निदानयंत्रणा सक्तीची झाली आणि आज जगभरातल्या गाड्यांत तशी यंत्रणा असते. दोष नोंदला गेला की एक अक्षर आणि चार आकडे-अक्षरं असा कोड साठवला जातो. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगचा भाग, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘यू’ म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं. पी०७०० आला, तर गिअरबॉक्सच्या संगणकाने काहीतरी तक्रार केली आहे एवढं कळतं आणि पुढचं त्या संगणकालाच विचारावं लागतं. साध्या स्वस्त स्कॅनरला पुष्कळदा तेवढं आत जाता येत नाही.

कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही साठवली जाते. दोष घडला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, वेग किती होता, पाणी किती तापलं होतं, याचा तो फोटोच म्हणा. कोड पुसला की हा फोटोही जातो. बऱ्याच ठिकाणी गाडी आत घेतल्याबरोबर ‘आधी कोड क्लिअर करून बघू’ म्हणतात. तुम्ही अडवा. आधी प्रिंट काढा, मला एक प्रत द्या, मग पुसा. बॅटरी काढूनही यातलं काही पुसलं जाऊ शकतं, तेव्हा घरी कोणी ‘बॅटरीची वायर काढून लाव, होईल ठीक’ म्हणालं तर ऐकू नका.

पण या सगळ्याच्या आधी आजच्या आज एक काम करा. पाचही खेपांची जॉब कार्डं काढा, तारखेप्रमाणे लावा आणि तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते वाचा. मला खात्री आहे की पाच ठिकाणी पाच वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतील. ‘पिकअप कमी.’ ‘आवाज.’ ‘व्हायब्रेशन.’ ‘जनरल चेकअप.’ ‘सॉफ्टवेअर.’

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मीही तेच लिहायचे. एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, शाळेत शिकवणारे. फार नेटकं बोलायचे. ‘चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी आधी दचकते, मग हातभर मागे येते, मग उडी मारल्यासारखी पुढे जाते. थंड असताना करत नाही. अर्धा तास चालली की करते,’ असं ते म्हणाले. मी मान डोलावली आणि संगणकावरच्या यादीतून ‘पिकअप कमी’ निवडलं. यादीत जवळचं तेवढंच होतं आणि मागे सहा माणसं उभी होती. त्यांच्या वाक्यात निदानाला लागणारं सगळं होतं, चढ, तापमान, वेळ, क्रम. मेकॅनिकपर्यंत त्यातले दोन शब्द पोहोचले. त्याने एअर फिल्टर साफ केला. ते पाच वेळा आले. कधी मी, कधी माझ्या शेजारचा सहकारी, ज्याला जे सुचेल ते आम्ही निवडत गेलो. वॉरंटी संपल्यावर त्यांनी कंपनीकडे दाद मागितली, तेव्हा कंपनीने आमच्याच नोंदी पुढे केल्या : पाच किरकोळ तक्रारी, पाचही वेगळ्या, पाचही त्याच दिवशी मिटलेल्या. एकाच दोषासाठी हा माणूस पाच वेळा आला होता, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. त्यांचं ते वाक्य मला अजून शब्दनशब्द पाठ आहे. लिहायला हवं होतं तिथे मी ते लिहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सहाव्या खेपेला तुमचं वाक्य तुम्हीच लिहून न्या. चार-पाच ओळी पुरेत : काय होतं, कधी होतं, किती वेळ चालवल्यावर होतं, तारखा आणि किलोमीटरचं रीडिंग. जॉब कार्डवर हे जसंच्या तसं उतरवा म्हणून सांगा. यादीबाहेरचं लिहिता येत नाही असं सांगतील. येतं. शेऱ्याचा रकाना असतो. अगदीच नाही म्हणाले, तर सही करताना तुमच्या हाताने कार्डावर लिहा आणि सही केलेल्या कार्डाचा फोटो काढा. शेवटी ‘हाच दोष याआधी पाच वेळा नोंदवला आहे’ हे वाक्य आणि पाचही कार्डांचे क्रमांक. गाडी परत घेताना ‘दोष आढळला नाही’ असं असेल, तर तेही लेखी घ्या. लोक असा कागद रागाने फेकून देतात. तो जपून ठेवा. दोष दूर झाला नाही, फक्त सापडला नाही, हे त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

काउंटरवरच्या मुलावर किंवा मेकॅनिकवर चिडू नका, एवढं माझं मागणं आहे. वॉरंटीतलं काम सर्व्हिस सेंटर फुकट करत नाही, त्याचे पैसे ते कंपनीकडून मागून घेतं. त्यासाठी कोणता पार्ट बदलला, कोणता कोड होता, हे दाखवावं लागतं आणि प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात. कधी होणारा, कधी न होणारा दोष शोधण्यात गेलेल्या वेळाचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. मेकॅनिकने तुमच्या गाडीबरोबर अर्धा दिवस घालवला आणि काही सापडलं नाही, तर तो अर्धा दिवस त्याच्या खात्यावर बुडीत. ज्याच्या हाती निर्णय आहे तो त्या इमारतीत बसतच नाही.

तेव्हा सर्व्हिस मॅनेजरला आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीला, दोघांना एकच पत्र पाठवा, पोच मिळेल अशा मार्गाने. फोन नको. फोनवरचं बोलणं ‘निराकरण झालं’ या एका टिचकीने मिटतं. गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर वर लिहा. पाच भेटींच्या तारखा लिहा. मागण्या तीनच ठेवा. कंपनीच्या तांत्रिक अभियंत्याने तुमच्यासोबत, गाडी तापलेली असताना ट्रायल घ्यावी. या मॉडेलच्या गिअरबॉक्सबद्दल डीलरांना काही तांत्रिक सूचनापत्र गेलं असेल, तर ते तुमच्या गाडीला लागू होतं का ते लेखी कळवावं. आणि हा दोष वॉरंटीच्या काळात नोंदवला गेला आहे हे मान्य करावं, म्हणजे दुरुस्तीला वेळ लागून तारीख उलटली तरी खर्च तुमच्यावर येणार नाही. तुमचे चार महिने याचसाठी मोलाचे आहेत. वॉरंटी संपायच्या आदल्या दिवशी नोंदलेला दोष आणि दुसऱ्या दिवशी नोंदलेला दोष यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सूचनापत्राबद्दल मुद्दाम विचारायला सांगते, कारण रीकॉल, म्हणजे दोषासाठी गाड्या परत बोलावणं, जाहीर होतो, पण असली सूचनापत्रं ग्राहकाला आपण होऊन कोणी पाठवत नाही. रीकॉल आहे का ते चासी नंबरवरून तुम्हीही तपासून घ्या.

तक्रार कोणत्या खात्यात टाकली जाते याला किती महत्त्व असतं, त्याचं एक मोठं उदाहरण सांगते. २०१४ साली जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. चालत्या गाडीत किल्ली ‘ऑन’वरून सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि त्यामुळे अपघातात एअरबॅगही उघडत नसत. गाडी चालता चालता बंद पडते ही तक्रार कंपनीकडे कित्येक वर्षं येत होती. पण आत ती ‘ग्राहकाची गैरसोय’ म्हणून धरली गेली होती. तिला सुरक्षेचा प्रश्न मानलंच गेलं नव्हतं. कंपनीनेच नेमलेल्या चौकशीच्या अहवालात हे आलं आहे. पुढे नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तुमच्या पत्रात पहिल्या ओळीत ‘सुरक्षा’ हा शब्द असू दे, असं मी म्हणते ते यासाठी.

कायदा ज्या त्या देशाचा वेगळा. अमेरिकेत सतत बिघडणाऱ्या नव्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने अशा गाड्यांसाठी पहिला ‘लेमन लॉ’ केला आणि पुढे सगळ्या राज्यांनी या ना त्या रूपात तसा कायदा आणला. त्यांतल्या अनेक राज्यांत एकाच दोषासाठी साधारण चार प्रयत्न फसले किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकली, तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. ब्रिटनमध्ये २०१५च्या कायद्याने पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी परत करता येते आणि त्यानंतर दुरुस्तीची एक संधी फसली तरी गाडी नाकारण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क मिळतो. भारतात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनासाठी उत्पादकाला जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आहे आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. ‘एकाच दोषासाठी’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. ती पाच जॉब कार्डं पाच वेगळ्या नावांची राहिली, तर यांतली कोणतीही तरतूद तुमच्या कामी येणं कठीण. म्हणून सहावं कार्ड नीट लिहून घ्या.

आणि विकायचं म्हणाल, तर हे चार महिने थांबा असं नवऱ्याला सांगा. आत्ता विकलीत तर हक्क सोडून द्याल आणि दोष दुसऱ्या कोणाच्या तरी मुलांच्या गळ्यात पडेल.

प्रश्न : मी निवृत्त आहे, आठवड्यातून दोनदा गाडी काढतो. दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. वॉरंटीत दोनदा बॅटरी बदलून दिली. आता म्हणतात, तुम्ही गाडी कमी चालवता, म्हणून बॅटरी उतरते, यात आमचा दोष नाही. खरंच माझी चूक आहे का?

उत्तर : काका, तुमची काहीच चूक नाही. हिशेब करून दाखवते. बंद गाडीतही घड्याळ, लॉक, अलार्म यांना थोडी वीज लागते. सगळे संगणक झोपल्यावर ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तासाच्या जवळपास. बॅटरी ६० अँपिअर-तासांची धरली, तर तीन दिवसांत चारही जात नाहीत. गाडी सहज सुरू व्हायला हवी. पण एखादा संगणक झोपलाच नाही आणि अर्धा अँपिअर ओढत राहिला, तर दिवसाला १२ आणि तीन दिवसांत ३६. निम्म्याहून अधिक बॅटरी रिकामी. नवी बॅटरी आणून बसवली तरी तीही तशीच उतरणार.

‘गाडी बंद असताना करंट किती ओढला जातो ते मोजा आणि आकडा जॉब कार्डवर लिहा,’ एवढीच मागणी करा. मोजताना गाडी लॉक करून कधी कधी तासभर वाट पाहावी लागते, कारण संगणक एकेक करून झोपतात. घाईत मोजलं तर आकडा चुकतो. नंतर बसवलेला कॅमेरा किंवा ट्रॅकर असेल, तर तो आधी तुम्हीच काढून ठेवा, म्हणजे बोट तिकडे दाखवायला जागा राहणार नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीला हेच झालं होतं. दोन बॅटऱ्या झाल्या, एक ऑल्टरनेटर झाला. मला रोज सकाळी किल्ली फिरवताना पोटात गोळा यायचा. शेवटी एका जुन्या इलेक्ट्रिशियनने ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं. खालचा स्पंज ओला होता, दाबला की पाणी सुटायचं. काचेखालच्या जाळीत सुकी पानं अडकून पाण्याची वाट बंद झाली होती आणि पाणी आत झिरपत होतं. त्या स्पंजमध्ये एक पांढरं कप्लर, म्हणजे वायरी जोडणारा खटका, बुडालेलं. त्याने ते सोडवून मला दाखवलं. आतल्या पिनांवर हिरवट पावडर चढली होती आणि एक पिन नखाने टोकरली तर तुटून हातात आली. त्या ओलीतून दाराचा संगणक रात्रभर जागा राहत होता. कप्लर बदललं, जाळी साफ केली, त्यानंतर बॅटरी पुन्हा उतरली नाही. तुम्हीही एकदा चारही पायांखालची कार्पेटं हाताने दाबून बघा.

प्रश्न : स्टिअरिंगचा एक पार्ट नाही म्हणून आमची गाडी ५२ दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये उभी आहे. रोज ‘मागवलाय, येईल’. आम्ही काय करू शकतो?

उत्तर : ‘मागवलाय’ला काही अर्थ नाही, ऑर्डर क्रमांक आणि ऑर्डरची तारीख मागा. कित्येकदा ऑर्डर दोन आठवड्यांनी टाकलेली निघते. मग कंपनीला लिहा, की दुसऱ्या डीलरच्या साठ्यातून किंवा कारखान्यातल्या जोडणीच्या साठ्यातून तो पार्ट द्या. ही सोय असते, पण मागितल्याशिवाय कोणी हालचाल करत नाही. तोवर वापरायला दुसरी गाडी आणि उभ्या राहिलेल्या दिवसांइतकी वॉरंटीला मुदतवाढ, दोन्ही लेखी मागा. लेखी नकार आला तरी तो ठेवून द्या. आणि एकदा स्वतः जाऊन गाडी पाहून या. बॅटरीची वायर सोडली आहे का, टायरमध्ये हवा आहे का, गाडी सावलीत आहे का, किलोमीटर तेवढेच आहेत का. फोटो काढा. ५२ दिवस उन्हात उभी राहिलेली गाडी परत घेताना नवीनच दुखणी दिसतात आणि ती आधीपासून होती असं सांगितलं जातं.

प्रश्न : तीन वर्षं भांडून थकलो. वॉरंटी संपली, गिअरबॉक्स अजून अधूनमधून अडकतो. गाडी विकायला काढली. बघायला आलेलं जोडपं तरुण आहे, त्यांना तान्हं बाळ आहे. गाडी त्या दिवशी उत्तम चालली. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते परवा पैसे घेऊन येणार आहेत. मला झोप लागत नाही. सांगितलं तर विकली जाणार नाही.

उत्तर : सांगा. परवापर्यंत थांबू नका, आजच फोन करा.

तुमच्यावर अन्याय झाला आहे, हे मला मान्य आहे. तीन वर्षं तुम्हाला जे कोणी सांगितलं नाही, तेच आज तुमच्याजवळ आहे आणि त्या दोघांजवळ नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला वाईटच धरून किंमत देतो आणि चांगल्या गाडीवाला बाजारातून निघून जातो, असं त्यात मांडलं आहे. २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते होते. तुमच्या बाबतीत यातला भावाचा भाग मी बाजूला ठेवते. तो गिअरबॉक्स चौकात अडकेल तेव्हा मागच्या सीटवर ते बाळ असेल, मला एवढंच दिसतं आहे. तुम्हालाही तेच दिसतं आहे, म्हणून झोप लागत नाही.

फोनवर सरळ सांगा : गिअरबॉक्स अधूनमधून अडकतो, कंपनीने अमुक वेळा पाहिला, दुरुस्त झाला नाही. सगळी जॉब कार्डं दाखवतो म्हणा. ते नको म्हणाले, तर गाडी बाहेरच्या एखाद्या गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे न्या आणि लेखी निदान घ्या. कंपनीने जे तीन वर्षांत शोधलं नाही ते असा माणूस कधी कधी दोन दिवसांत शोधतो, कारण त्याला त्या दोन दिवसांचे पैसे मिळतात. पार्ट कळला की दुरुस्तीचा आकडा कळतो. तो किमतीतून वजा करून, दोष विक्रीच्या कागदावर लिहून, गाडी विकता येते. अशा गाड्या घेऊन दुरुस्त करणारे लोक असतात. त्यांना काय घेतोय ते माहीत असतं.

निदानाचा कागद हाती आला की त्याची आणि जुन्या जॉब कार्डांची प्रत मला पाठवा. वॉरंटीत नोंदवलेला दोष तोच निघाला, तर कंपनीला लिहायचं पत्र मी तुमच्याबरोबर बसून तयार करेन.